दूधगाडीच्या भिंतीतलं पाणी

आमचा बैल गाडी चाटायचा.

गाडी म्हणजे संस्थेची जुनी दूधगाडी. पुढे ड्रायव्हरची केबिन, मागे पत्र्याची बंद पेटी आणि पेटीवर निळ्या रंगात काढलेली एक गाय. उन्हाने त्या गायीचं तोंड इतकं पुसट झालं होतं की तिला म्हैस म्हटलं असतं तरी कुणी भांडलं नसतं. आमच्या गावच्या दूध संस्थेची ही गाडी माझ्या नवऱ्याने तरुणपणापासून चालवली. मग दुष्काळ पडला. वैरण संपली, जनावरं आटली, संस्थेच्या दारात सकाळ-संध्याकाळ लागणारी किटल्यांची रांग आखडत गेली आणि एक दिवस शटरला कुलूप लागलं. गाडी भंगारात काढली तेव्हा ती घ्यायला दुसरं कुणी पुढे आलं नाही. ती आमच्या दारात येऊन उभी राहिली आणि त्याच उन्हाळ्यात आमचं घर झाली.

नवऱ्याला मी 'मालक' म्हणते. आमच्याकडे सगळ्याच म्हणतात. मालक कशाचे, हे कुणी विचारत नाही.

आमचं गाव धारूरच्या खालच्या अंगाला, बालाघाटाच्या उतारावर. पाऊस पडला तरी पाणी तिथे थांबत नाही आणि त्या साली तर तो पडलाच नव्हता. पिण्याचं पाणी कसंबसं मिळायचं, पण जनावरांना काय पाजायचं? तेव्हा चौसाळ्याकडच्या माळावर एका सहकारी संस्थेने चारा छावणी उघडली. जनावरांना तिथे ऊस आणि पाणी मिळत होतं, म्हणून गावंच्या गावं दावणीला दावण लावून तिथे राहायला गेली. कुणी उसाच्या पाचटाचं खोपट केलं, कुणी जुन्या लुगड्यांचं पाल ठोकलं. आम्ही दोन बैल, एक गाभण गाय आणि ही दूधगाडी घेऊन गेलो.

गाडी न्यायची ती आत्याबाईंसाठी. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना दम्याचा त्रास जुना. छावणीत दिवसभर धूळ, शेणाचा भुगा आणि पाचटाचं कूस उडणार हे आम्हाला ठाऊक होतं. पालात ठेवलं तर त्यांचा उन्हाळा निघणार नाही, असं मालकांनी स्पष्टच सांगितलं. "माय पेटीत ऱ्हाईल. दार लावलं की धूळ बाहीर," असं म्हणून ते कामाला लागले. बंद पडलेल्या संस्थेच्या काउंटरचं प्लायवूड त्यांनी मागून आणलं आणि पेटीच्या आतून चारी बाजूंनी ठोकलं. दोन फळ्यांच्या दोन बाजा केल्या. माझ्या डब्यांसाठी मांडणी केली, कंदिलाला आकडा लावला. वर टपावर गोणपाटं अंथरली, तेवढीच पत्र्याला सावली. मुलं आम्ही शाळेसाठी माझ्या माहेरी ठेवली होती, त्यामुळे तिघांना जागा पुरेशी होती.

छावणीतल्या बाया ते घर बघायला यायच्या. "तुमचं बरं हाय बाई, बंगलाच घिऊन आलात," असं म्हणायच्या. आत्याबाई दारातल्या पायदानावर बसून त्यांना मांडणी दाखवायच्या, आकडा दाखवायच्या. लेकाने केलेल्या कामाचं त्यांना फार कौतुक होतं. मला मात्र त्या पेटीत पहिल्या दिवसापासून गुदमरायला व्हायचं, आणि मी ते बोलूनही दाखवायचे. माझं तोंड गप्प बसत नाही अशी माझी ख्याती आहेच.

पाण्याची वाटणी माझ्याकडे होती. टँकर आला की मी रांगेत उभी राहायचे, घागरी आणायचे आणि प्रत्येकाच्या वाट्याचं पाणी वेगळं करून ठेवायचे. भांडी धुतलेलं पाणीसुद्धा सांडायचं नाही, ते गायीला जायचं. आत्याबाई आपलं पाणी आपल्या कळशीत घेऊन फळीखाली सरकवून ठेवायच्या. "मला म्हातारीला कशाला रोज अंघुळ," म्हणायच्या आणि ओल्या फडक्याने अंग पुसायच्या. मला ते बरंच वाटायचं, एक भांडण कमी.

पांढरा बैल गाडीच्या मागच्या कोपऱ्याशी बांधलेला असायचा. आठवड्या-दोन आठवड्यांत तो गाडी चाटायला लागला. ऊस समोर पडलेला असायचा आणि हा मान वाकडी करून पत्र्याचा खालचा कोपरा चाटत उभा. मालकांना त्याचं कौतुक. "माया करतोय. त्याला गाडी वळखू येती," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. कुणी म्हणायचं, "अय बे, गाडीवर गाय काढलीया नं, तिच्यासाठी लागलाय त्यो." मग सगळे हसायचे. छावणीत हसायला दुसरं फार काही नव्हतं.

दुपारी मालक वैरण ओढून यायचे आणि त्या कोपऱ्यालगतच्या बाजेवर पडायचे. रात्री त्याच बाजेवर आत्याबाई झोपायच्या. मालक हात डोक्याखाली घेऊन म्हणायचे, "बघ, कशी गार हाय. बाहीर नुसता वणवा पेटलाय आन् हितं गार. दुधाची पेटी हाय म्हणलं!" आणि खरंच ती बाजू गार लागायची. आत्याबाई हे ऐकून तोंडाला पदर लावून हसायच्या. लेकाची बढाई ऐकून आईने हसावं, त्यात नवल कसलं, असं मला वाटायचं.

पण त्यांचा दमा उतरत नव्हता. उलट वाढत चालला. धूळ बाहेर, दार बंद, आणि आतमध्ये त्यांची छाती चुलीच्या फुंकणीसारखी वाजायची. पहाटे उठून बसायच्या, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून. वाक्य पुरं करायला त्यांना मधे थांबावं लागायचं. आम्ही त्यांना चौसाळ्याला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली, आत्याबाईंना बाहेर बसवलं आणि आम्हाला विचारलं, "घरात ओल आहे का कुठे?"

मालक मोठ्याने हसले. मीही हसले. "सायेब," मालक म्हणाले, "प्यायला पानी न्हाई, अन् तुमी ओल इचारताय."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी गोळ्या आणि ओढायची दवा दिली, आणि बंद जागेत ठेवू नका म्हणाले. उघड्यावर ठेवावं तर धूळ. आम्ही परत आलो आणि दार आणखी घट्ट लावून घेतलं.

ओल या शब्दाने मात्र माझी पाठ सोडली नाही. दुसऱ्या दिवशी बैल पुन्हा चाटत उभा होता, आणि त्याला हाकलता हाकलता माझा हात त्या कोपऱ्याला लागला. पत्रा चिकट होता. मी बोट जिभेला लावलं. खारट.

मीठ कुठून आलं, याचं उत्तर मला शोधावं लागलं नाही. ते मी कितीदा तरी मालकांच्या तोंडूनच ऐकलेलं होतं. उन्हाळ्यात दूध नासू नये म्हणून ते किटल्यांच्या भोवती बर्फाच्या लाद्या ठेवायचे आणि गारवा वाढावा म्हणून त्यावर खडेमीठ टाकायचे. आपल्या गाडीतलं दूध कधी फाटलं नाही, हे सांगताना त्यांची मान ताठ व्हायची. ते खारं पाणी वर्षानुवर्षं पेटीच्या सांध्यांत मुरत राहिलं होतं. पेटीला पत्र्याचे दोन पदर, मधे थर्माकोल. आत काय चाललंय ते बाहेरून कुणाला दिसणार?

मी बाजेवरचं अंथरूण काढलं. वाकळ खालच्या बाजूने काळवंडली होती. प्लायवूड फुगलं होतं आणि त्याला बंद कोठीत विसरलेल्या ओल्या गोणपाटाचा वास होता. मी अंगठा दाबला तर तो आत गेला.

मालक आले तसं मी त्यांना ते दाखवलं. त्यांनी वाकून त्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "जुना डाग हाय."

"जुना डाग वला कसा?"

"मिठाला घाम येतो."

"इतका? आन् तुमची माय रात्रभर नाक लावून झोपती तिथं. कावून उघडंना तुमी ही भिंत?"

त्यावर ते माझ्यावर खेकसले. एवढं चिडलेलं मी त्यांना क्वचितच पाहिलं होतं. "उघडली तर ही पेटी राहील का? एकदा पत्रा उचकला की संपलं. पाऊस झाल्यावर संस्था उघडंल. तवा दूध कशात नेणार, तुझ्या घागरीत?"

तेव्हा मला कळलं की त्यांनी ती गाडी घर म्हणून घेतलीच नव्हती. ते ती सांभाळत होते. कुलूप निघेल, रांग पुन्हा लागेल, आणि आपण पहाटे हॉर्न वाजवत गावोगाव जाऊ, हे त्यांनी मनात धरून ठेवलं होतं. आज मला त्या माणसाची कीव येते. त्या दिवशी फक्त राग आला आणि मी तो भरपूर काढला.

छावणीत घमेली-बादल्या सांधायला धारूरचे एक चाचा यायचे. मालकांनी त्यांना बोलावलं. चाचांनी पत्र्यावर बोटांनी टिचक्या मारल्या. वर टणटण वाजलं, खाली कोपऱ्यात नुसतं थप. ते म्हणाले, "उघडू नका भाऊ. आतनं समदी खाल्ल्याली हाय. लांबी भरून देतो, वरनं रंग मारा. दोन-चार साल ढकलंल." पत्र्याची भोकं बुजवायला लावतात ती लांबी. मालकांना हेच ऐकायचं होतं. चाचांनी कोपरा गुळगुळीत करून दिला, मालकांनी आतून-बाहेरून निळा रंग मारला आणि मला बोलावून दाखवला. नव्यासारखा दिसत होता. आत्याबाई पायदानावरून म्हणाल्या, "बेस झालं." त्या रात्री त्या रंगाच्या वासाने आणखी धापल्या.

बैलाने काही दिवसांतच तो रंग चाटून काढला. आधी रंग, मग खालची लांबी. मालकांनी त्याला पलीकडे बांधला. तो कासरा ताणून, मान लांब करून तिकडेच बघत उभा राहायचा. मालक त्याच्याकडे पाठ करून बसायचे.

मग ती दुपार आली. मी भाकरी करून आत गेले तर आत्याबाई बाजेच्या कडेला बसलेल्या, तोंड उघडं, ओठ निळसर. ओढायची दवा हातात होती पण हात तोंडापर्यंत जात नव्हता. मी ओरडले. मालक धावत आले. आम्ही दोघांनी त्यांना उचलून बाहेर आणलं आणि चाकाला टेकवून सावलीत बसवलं. वारं सुटलं होतं. समोरून धुळीचा लोट येत होता, ज्या धुळीपासून त्यांना वाचवायला आम्ही इतका खटाटोप केला होता तीच धूळ. मी पदराने त्यांचं तोंड झाकायला गेले. त्यांनी माझा हात बाजूला केला.

आणि हळूहळू त्यांचा श्वास बसला. ओठांचा रंग पालटला. त्या उघड्यावर, त्या धुळीत, त्या पाणी द्या म्हणाल्या.

मालक हे सगळं उभं राहून बघत होते. ते केबिनमध्ये गेले, छन्नी आणि हातोडा घेऊन आले आणि बैल जिथे चाटायचा तिथेच पहिला घाव घातला.

मग आत जाऊन ओढलं तर प्लायवूड नुसत्या हाताने निघालं. त्याच्या पाठीवर काळी-हिरवी बुरशी माजली होती. आतल्या पत्र्याचे रिबिट त्यांनी एकेक करून उडवले आणि पत्रा दुमडला. थर्माकोल पिवळा पडून जड झाला होता. बाहेरचा पत्रा भाजलेल्या पापडासारखा बोटांत चुरत होता. मालकांनी थर्माकोलचा खालचा तुकडा ओढला, आणि त्या जागेतून पाणी आलं.

तपकिरी, गंजाचं पाणी. धार बारीक होती, पण धार होती. घाव ऐकून भोवती माणसं जमली होती. शेजारच्या पालातली एक बाई धावत गेली आणि घमेलं आणून धारेखाली ठेवलं. ते पाणी कुणाच्या उपयोगाचं नव्हतं, पण त्या उन्हाळ्यात पाणी मातीत जाऊ द्यायचा हात कुणाचाच राहिला नव्हता. पलीकडे बैलाने हंबरडा फोडला आणि खुंटा हलवला.

"कुठनं आलं बे हे पानी?" एकाने विचारलं.

मलाही तेच कोडं पडलं होतं. मीठ जुनं, मान्य. पण मिठाला एवढी धार लागत नाही. मी वर बघितलं. टपाच्या त्याच कडेची गोणपाटं काळपट आणि कडक झाली होती, बाकीची पांढरीफटक. टपाचे रिबिट गंजून सैल झाले होते, तिथून पाणी दोन पदरांच्या मधे उतरत होतं. पण पाऊस नाही, आणि पाण्याची वाटणी तर माझ्या हातात. मी जरा तारस्वरातच विचारलं, "या गोणपाटावर पानी कोण टाकतंय?"

मग माझं लक्ष आत्याबाईंकडे गेलं. चाकाला टेकलेल्या आत्याबाईंनी पदर तोंडावर घेतला होता.

"माझ्या वाट्याचं होतं," त्या म्हणाल्या. श्वासासाठी थांबल्या. "तुमच्यातलं... थेंब न्हाई घेतला. शपथ."

मी टँकरच्या रांगेत आणि मालक वैरणीला गेले की त्या पायदानावर चढायच्या आणि कळशीतलं पाणी तांब्याने टपाच्या कडेवर उडवायच्या. हात पुरायचा तो तेवढ्याच कोपऱ्यापर्यंत. ज्या पाण्याने अंघोळ करायची ते, आणि पुष्कळदा प्यायचंही.

"कावून गं माय?" मालक म्हणाले.

"तू दुपारचा येतो. लई दमल्याला. पत्रा नुसता भाजीत हुता." परत थांबल्या. "गार वाटतंय म्हणला नव्हता का तू?"

मालकांनी छन्नी खाली ठेवली. मी त्या धारेकडे बघत होते आणि मला रडू येत होतं. मीठ लेकाचं, पाणी आईचं, आणि दोन्ही त्या भिंतीत एकत्र मुरून रात्रभर तिच्याच छातीत जात होतं. मला त्या दोघांचाही राग आला. एकाने झाकलं, दुसरीने लपवलं. असल्या मायेपुढे मी काय बोलणार होते?

आत्याबाई अजून आमच्या तोंडाकडे बघत होत्या. पाणी वाया घालवलं म्हणून आता बोलणी बसणार, एवढीच भीती त्यांच्या डोळ्यांत होती. डॉक्टरांनी ओलीबद्दल विचारलं तेव्हा त्या बाहेर बाकड्यावर बसल्या होत्या, ओलीनेच आपली छाती भरते हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मग घमेलं उचलून बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "हे तुझं पानी न्हाई माय. तुझं तर कवाच उन्हानं वाळून गेलं. हे बर्फाचं हाय, दुधाच्या टायमाचं. मीच मुरू दिलतं. गाडी सडवली ती मीच."

आपल्या गाडीबद्दल वावगा शब्द ऐकून न घेणारा माणूस तो. चार लोकांसमोर हे बोलला.

त्यानंतर आम्ही पाल ठोकलं आणि छावणी उठेपर्यंत तिथेच राहिलो. आत्याबाई पालात झोपायच्या, चारी बाजूंनी वारं. त्यांना बरं वाटायचं, पण पहिल्यासारखं नाही. जे छातीत जायचं ते गेलंच होतं. संस्था पुढे पाऊस झाल्यावरही उघडली नाही. उघडली असती तरी मालकांच्या पेटीला एका बाजूची भिंत नव्हती. गाडी कशीबशी गावी आणली आणि बांधाला लावली. आता तिच्यात सरपण असतं. उन्हाळ्यात शेजारी लोक स्लॅबवर ओली पोती टाकतात, तेव्हा मालक आमच्या घराची सगळी दारं-खिडक्या उघडून ठेवतात. मी धुळीबद्दल काही बोलत नाही, रोज झाडून घेते.

आत्याबाई पुढच्या हिवाळ्यात गेल्या. शेवटच्या दिवसांत त्यांना फार बोलवत नसे. एका सकाळी आम्ही दोघं जवळ बसलो असताना त्यांनी मालकांचा हात धरला आणि विचारलं, "ते पानी... बर्फाचंच होतं नव्हं?"

"व्हय माय. बर्फाचंच."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. खोटं मला जमत नाही, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. मी म्हणाले, "बर्फाचंच हो, आत्याबाई."

"मंग बरं," त्या म्हणाल्या आणि लेकाचा हात थोपटत राहिल्या.